गुंडावरचं नाव

आईच्या लग्नात आलेला पितळी गुंड आमच्याकडे अजून आहे. चिंचेनं घासला की गळ्याखालची अक्षरं उजळतात : आईचं नाव, गाव, सन १९६८. अक्षरं रेघांची नाहीत, ठिपक्यांची. छिन्नीचं टोक टेकवायचं, वरून हातोडीचा हलका ठोका द्यायचा, मग केसभर पुढं सरकायचं. भंडारा हे पितळेचं गाव. भांड्यांच्या दुकानापुढं बसून नाव टाकणारा माणूस आणि त्याची टक्‌टक् माझ्या लहानपणीच्या बाजारात कायम होती. चुकलेला ठोका पुसता येत नसे. गुंडावर आईच्या नावातला ‘ला’ असाच एका बाजूला कललेला आहे.

लेझर मी पहिल्यांदा पाहिला बी.एस्सी.ला. अंधाऱ्या प्रयोगशाळेत हेलियम-निऑनची नळी, ६३२.८ नॅनोमीटरचा लाल झोत, आणि ग्रेटिंगमुळं भिंतीवर एका ओळीत पडलेले ठिपके. सगळ्या लाटा एकाच लांबीच्या, पावलाला पाऊल जुळवून चालणाऱ्या, एवढं परीक्षेपुरतं पाठ केलं. पुढं घरात सीडी प्लेअर आला, दुकानात बारकोड आला. आत लेझरच होता, पण तिकडं लक्ष गेलं नाही.

लक्ष गेलं ते आईच्या डोळ्यामुळं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला दोन वर्षं झाली होती आणि पुन्हा धूसर दिसायला लागलं. नवं भिंग ज्या पिशवीत बसवतात, तिचा मागचा पडदा कधीकधी गढूळ होतो. डॉक्टरांनी आईची हनुवटी यंत्रावर टेकवली. लाल ठिपका फक्त नेम धरायला. काम करणारा झोत अदृश्य, यॅग नावाच्या स्फटिकातून निघणारा, एकेक ठोका सेकंदाच्या काही अब्जांश भागाचा. टक्... टक्... थोड्याच मिनिटांत पडद्याच्या मधोमध खिडकी पडली. ना सुई, ना टाका. बाहेर आल्यावर आई म्हणाली, “बाबू, डोळ्यात नाव टाकत होते काय गा?”

परवा भाचीच्या लग्नाची भांडी घेतली. नाव टाकायला आता यंत्र. एक लाल चौकट गुंडाच्या गळ्यावर फिरली, पुन्हा नेम धरायलाच. मग झोत न दिसताच पितळेवर काळसर अक्षरं उमटत गेली. बारीक चिर्र आवाज, तापल्या धातूचा वास. एकही अक्षर कललेलं नाही. यंत्राच्या पट्टीवर आकडा होता : १०६४ नॅनोमीटर. आईच्या डोळ्यात गेलेला प्रकाशही १०६४चाच! तिथं तो यॅग स्फटिकातल्या निओडिमियममधून निघतो, इथं यिटर्बियम घातलेल्या फायबरमधून, लांबी तीच. डोळा उघडायचा की पितळ जाळायचं, हे ताकदीवर, वेळेवर आणि यंत्र चालवणाऱ्या हातावर ठरतं.

पत्रिकेवरची कागदी नक्षी मात्र कार्बन डायऑक्साइड लेझरनं कापलेली. तो १९६४ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये तयार करणारे कुमार पटेल जन्मानं बारामतीचे, पुण्याच्या इंजिनीअरिंग कॉलेजात शिकलेले. हे भाचीला मी मुद्दाम सांगितलं.

वरातीत डीजेच्या गाडीवरून हिरवे झोत फिरत होते. भाचा मोबाईलवर शूटिंग करत होता. एक झोत सरळ कॅमेऱ्यात शिरला आणि तेव्हापासून त्याच्या प्रत्येक फोटोत एक उभी रेघ येते. हिरव्या लेझरांपैकी पुष्कळांत हाच १०६४चा प्रकाश स्फटिकातून नेऊन त्याची लांबी निम्मी, ५३२, केलेली असते. कॅमेऱ्याचं भिंग झोत एका ठिपक्यावर आणतं, तसंच डोळ्याचं भिंग तो दृष्टिपटलावर आणतं. कॅमेरा बदलता येतो. दृष्टिपटलावरची जळालेली जागा पुन्हा भरून येत नाही.

वरातीचा डीजे ठरवताना ‘लेझर नको’ हे आधीच स्पष्ट सांगा. आणि मूल खांद्यावर असेल, तर झोत दिसताच त्याला खाली घ्या.