लॅपटॉपवर दहा, पुलीवर सोळा

घरातलं एखादं वडीलधारं माणूस "काहीतरी चुकतंय" म्हणालं, तर तुम्ही काय करता? मी त्यांना लॅपटॉप दाखवला होता.

मी बंगळुरूत सॉफ्टवेअरमध्ये आहे. बाबांचं बेळगावात छोटं गॅरेज होतं. ते बंद करून ते आमच्याकडे आले, तेव्हा सोबत त्यांची जुनी कार्ब्युरेटरवाली मारुती 800 ही आली. मी हौसेने तिला स्पीडुइनो नावाचा कंट्रोलर बसवला. ठिणगी कधी पडावी हे आता तो ठरवणार होता आणि मी त्याला लॅपटॉपवरून, ट्यूनरस्टुडिओ या सॉफ्टवेअरमधून सांगणार होतो.

पेट्रोल पूर्ण जळायला थोडा वेळ लागतो. म्हणून पिस्टन अगदी वर पोहोचण्याआधीच ठिणगी टाकतात. किती आधी, ते अंशांत मोजतात. 3000 आरपीएमला क्रँक एका मिलिसेकंदात 18 अंश फिरतो, यावरून हिशेब किती नाजूक आहे ते कळेल. ठिणगी फार लवकर पडली तर इंजिन नॉक करतं, पिस्टनला इजा होते. उशिरा पडली तर ताकद जाते आणि इंजिन तापतं. बाबा डिस्ट्रिब्युटर हाताने केसभर फिरवून हे साधायचे.

मी पुलीला 36 दातांचं चक्र लावलं होतं, त्यातला एक दात गाळलेला. ती फट सेन्सरसमोरून गेली की कंट्रोलरला कळतं, एक फेरा झाला. पण फटीपासून पिस्टनचा वरचा बिंदू किती अंशांवर आहे, हे त्याला आपणच सांगायचं असतं. त्याला ट्रिगर अँगल म्हणतात. मी तो अंदाजाने भरला. गाडी सुरू झाली, स्क्रीनवर 10 अंश दिसले, मी खूश!

सोसायटीच्या पार्किंगचा रॅम्प चढताना बाबा म्हणाले, "इंजिन वाजायलंय बघ."

बाबांच्या कानाला यंत्र आहे. फोनवरचं बोलणंही त्यांना दोनदा सांगावं लागतं. मी म्हटलं, "बाबा, भास असेल. हे बघा, 10 च आहे." ते स्क्रीनकडे न बघता म्हणाले, "लाइट लावलास काय?"

नव्हता लावला. दुसऱ्या दिवशी जेसी रोडवरून टायमिंग लाइट आणला. पहिल्या सिलिंडरच्या वायरीला त्याचा चिमटा लावला की प्रत्येक ठिणगीला लाइट चमकतो आणि फिरणारी पुली जागच्या जागी थांबल्यासारखी दिसते. स्क्रीनवर 10, पुलीवर जवळपास 16! म्हणजे टेबलात 28 मागितले की इंजिनला 34 मिळत होते. तसंच आणखी काही दिवस चालवलं असतं तर बाबांच्या गाडीचे पिस्टन मीच फोडले असते.

तुम्हीही असं काही करत असाल, तर आधी पिस्टनचा खरा वरचा बिंदू शोधा आणि पुलीवर पांढरी रेघ मारा. पुलीचा परीघ दोऱ्याने मोजून 36 ने भागा. तेवढ्या अंतरावर 10 अंशांची रेघ येते, पण ती फिरताना शून्याच्या आधी खुणेपाशी पोहोचली पाहिजे. सॉफ्टवेअरमध्ये टायमिंग 10 वर फिक्स करा. लाइटमध्ये ती रेघ खुणेवर येईपर्यंत ट्रिगर अँगल बदला. मग आरपीएम वाढवून पाहा. रेघ सरकली तर सेन्सरची वायरिंग तपासा. शेवटी फिक्स काढून टेबलवर परत या. हे काम उघड्यावर करा, बेसमेंटमध्ये धूर कोंडतो. हात आणि ओढणी बेल्टपासून लांब ठेवा. गाडी रस्त्यावर काढायची असेल तर असे बदल चालतात का, ते आधी आरटीओत विचारा.

रेघ जुळली तेव्हा लाइट बाबांच्या हातात होता. मी म्हटलं, "आता फक्त बर्न करायचं."

"जाळायचं कशाला?" ते दचकले.

"सेव्ह करायचं, बाबा."

त्या दिवशी आम्ही रॅम्प तीनदा चढलो. दरवेळी मी स्क्रीन सोडून त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो. तिसऱ्यांदा त्यांनी खिडकीची काच वर केली आणि म्हणाले, "चल, चहा घेऊया."