कुठला ओरखडा कुणाचा

बदललेला सांधा पुन्हा उघडावा लागतो, तेव्हा थिएटरमधल्या सगळ्यांचं लक्ष नव्या सांध्याकडे असतं. काढलेला जुना सांधा ट्रेमध्ये पडून राहतो आणि काम आटोपलं की कचऱ्यात जातो. माझ्या मते त्या खोलीतली सर्वांत मोलाची वस्तू तीच. पेशंटच्या शरीरात वर्षानुवर्षं झिजलेलं प्लॅस्टिक कुठल्याही प्रयोगशाळेत तयार होत नाही. ते फक्त आम्हा सर्जनांच्या हाती लागतं आणि ते वाचायची विद्या मात्र आमच्याकडे नसते.

ती विद्या असलेले एक मटेरियल सायन्सचे प्राध्यापक माझ्या ओळखीचे आहेत. कृत्रिम गुडघ्यातलं पहिलं लायनर, म्हणजे धातूच्या दोन भागांमधलं पॉलिइथिलीन या प्लॅस्टिकचं अस्तर, त्यांच्याकडे नेलं, तेव्हा भिंगाखाली फिरवत त्यांनी विचारलं, "डॉक्टर, हा ओरखडा पेशंटचा की तुमचा?" प्रश्न रास्त होता. लायनर काढताना त्याच्या पुढच्या कडेखाली ऑस्टिओटोम, म्हणजे हाडाची छिन्नी, घालून उचकटावं लागतं. त्या पात्याची खूण आणि झिजेची खूण नुसत्या डोळ्यांना सारखीच दिसते. तेव्हापासून आमची पद्धत ठरून गेली आहे. पातं नेहमी एकाच कोपऱ्यातून घालायचं आणि तो कोपरा नोंदवायचा. पुढची बाजू कळावी म्हणून टाका बांधायचा. रक्त धुऊन लायनर फॉर्मॅलिनमध्ये ठेवायचं. ऑटोक्लेव्हमध्ये वाफेने निर्जंतुक मात्र करायचं नाही, कारण उष्णतेने पॉलिइथिलीनचा आकार बिघडतो आणि पुरावाच जातो.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला गुडघा बदललेल्या एक निवृत्त शिक्षिका माझ्याकडे आल्या, त्या दुखणं आणि अपराधीपण दोन्ही घेऊन. "खाली बसू नका म्हणून किती सांगितलं!" हे मुलाने माझ्यासमोर दोनदा ऐकवलं. लायनर काढलं तर त्याचे पापुद्रे सुटले होते. प्राध्यापकांनी त्याची पातळ कापं घेऊन उजेडासमोर धरली. पृष्ठभागापासून मिलिमीटर-दोन मिलिमीटर आत, कडेला समांतर असा पांढरट पट्टा दिसत होता. त्या काळी अशी लायनरं हवाबंद नसलेल्या पाकिटात गॅमा किरणांनी निर्जंतुक करत. किरणांनी प्लॅस्टिकमधल्या साखळ्या तुटतात, मोकळ्या टोकांना ऑक्सिजन चिकटतो आणि खोक्यात पडल्या पडल्यासुद्धा ते ठिसूळ होत जातं. नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून कंपन्या ऑक्सिजन वगळून पॅकिंग करू लागल्या, तेही अशीच काढलेली लायनरं कापून पाहिल्यावर. "बसण्याने भार वाढला असेल, पण मूळ इथे आहे," प्राध्यापक पट्ट्यावर बोट ठेवून म्हणाले. मी ते काप बाईंना आणि मुलाला दाखवलं. मुलगा आईकडे बघेना. त्या एवढंच म्हणाल्या, "म्हणजे माझं काही चुकलं नव्हतं."

खुबा बदलण्याच्या शस्त्रक्रियेचा पायाच सर्जन आणि प्रयोगशाळा यांच्यातल्या अशा देवाणघेवाणीवर उभा आहे. इंग्लंडमध्ये रायटिंग्टनच्या रुग्णालयात जॉन चार्नली टेफ्लॉनची वाटी बसवत होते. ती भराभर झिजली आणि झिजेच्या कणांनी भोवतालच्या ऊतींची वाट लावली. 1962 साली एक विक्रेता अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिइथिलीनचा तुकडा घेऊन आला. चार्नलींनी त्यात नख रुतवून पाहिलं आणि वेळ वाया घालवू नका म्हणून निघून गेले. त्यांचे तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन यांनी तरीही तो झीज मोजायच्या यंत्रावर चढवला. तीन आठवडे अहोरात्र चालूनही तो टेफ्लॉन एका दिवसात झिजतं तेवढाही झिजला नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते प्लॅस्टिक पेशंटच्या खुब्यात बसलं. सर्जनने नाकारलेली वस्तू तपासून पाहायची मोकळीक तंत्रज्ञाला होती आणि आकडे पुढे आल्यावर सर्जनने आपलं मत बदललं, याचं मला फार अप्रूप आहे. मृत्यूनंतर सांधा तपासायला मिळावा म्हणून चार्नली पेशंटांची संमतीही घेऊन ठेवत. आमच्या संमतीपत्रातही आता काढलेल्या सांध्याविषयी एक ओळ आहे. आजवर बहुतेकांनी ती आनंदाने मान्य केली.

देणं एकाच बाजूने नसतं. गुडघ्याच्या सिम्युलेटरवरची प्रमाणित चाचणी सपाटीवरच्या चालण्यावर बेतलेली आहे. आमची माणसं मांडी घालून जेवतात, उकिडवं बसतात, भातलावणीला वाकतात, आणि सांधा बदलल्यावर आम्ही नको म्हटलं तरी त्यातली बरीच खाली बसतातच. प्राध्यापक विचारतात, किती अंशात, किती वेळ, कुठल्या कडेवर भार देऊन? आमच्या केसपेपरवर नुसतं "खाली बसतात: होय". म्हणून आता ओपीडीत एक पाट ठेवला आहे. जे घरी बसतातच, त्यांना बसतं करून फिजिओथेरपिस्ट गोनिओमीटरने कोन मोजते, वेळ टिपते, बाजूने फोटो काढते. आकडे प्राध्यापकांकडे जातात. परवा त्यांचा निरोप आला, की मांडी घालताना नडगीचं हाड मांडीच्या हाडाखाली किती वळतं, तेही हवं. ते गोनिओमीटरने नीट मोजता येत नाही. कसं मोजायचं, यावर आमची सध्या चर्चा चालू आहे.