आठ ओळी आणि पस्तीस मिनिटं

चि. धाकटीस,



परवा फोनवर तू विचारलंस, ‘ताई, सातवीला बालकवींचं ‘औदुंबर’ घेणार आहे. आठच ओळी आणि तास पस्तीस मिनिटांचा. एवढा वेळ मी बोलू तरी काय?’ तेव्हा घाईत काहीतरी सांगितलं. नंतर रात्रभर तीच कविता डोक्यात राहिली, म्हणून सावकाश लिहिते आहे.

तू बोलूच नकोस. निदान पहिली दहा मिनिटं तरी. कविता फळ्यावर तुझ्या हाताने लिही, दोनदा वाच आणि थांब. मग मुलांना टाळ्या वाजवत म्हणू दे. आठ मात्रा झाल्या की टाळी, पुन्हा आठ झाल्या की टाळी, आणि ओळीचा शेवटचा तुकडा थोडा लांबून थांबतो. हे समजावून सांगावं लागत नाही, त्यांच्या हातांना ते आपोआप सापडतं. मागच्या बाकावरची, वाचताना अडखळणारी मुलंही या टाळ्यांत सामील होतात. ती तिथे सामील झाली, की पुढे बोलायलाही धजतात.

मग वहीतलं कोरं पान काढायला सांग आणि कवितेत जे दिसतं, तेवढंच काढायला सांग. झरा कुठे, गाव कुठे, वाट कुठून निघते आणि कुठे जाते. इथे खरी गंमत सुरू होते, कारण चित्र काढायचं तर ओळ पुन्हा वाचावीच लागते. गाव पलीकडे टेकडीच्या बाजूला आहे, म्हणजे आपण झऱ्याच्या कुठल्या काठावर उभे आहोत? यावरून माझ्या वर्गात एकदा दोन बाकांमध्ये चांगलीच जुंपली होती. दोन्ही बाजू पुस्तकातल्या शब्दांवर बोट ठेवून भांडत होत्या. मी मध्ये पडले नाही.

रंगपेट्या निघाल्या की हिरवा खडू सगळ्यात आधी झिजतो. निळसर-सावळं पाणी, मग हिरवंच हिरवं, त्यातून पांढरी वाट आणि शेवटी काळा डोह. एका मुलीने मला विचारलं होतं, ‘बाई, चित्र शेवटी शेवटी काळं का होत जातं?’ रसग्रहणाचा याहून चांगला प्रश्न मला आजवर कुणी विचारलेला नाही. तिने प्रतिमा, रंगसंवेदना असले शब्द ऐकलेही नव्हते. तिच्या हातात फक्त खडू होता.

आणखी एक गोष्ट त्यांना शोधू दे. या कवितेत घरं आहेत, मळे आहेत, पण माणूस एकही नाही. माणसाची खूण आहे ती पायवाट. पायांनी झालेली. आणि शेवटी ‘पाय’ हा शब्द पुन्हा येतो, तो जळात पाय टाकून बसलेल्या झाडासाठी. झरा वाहतोय, वाट चाललीय, आणि या सगळ्यात झाड तेवढं बसलेलं आहे. इथवर मुलं पोचली, की वर्ग आपोआप शांत होतो. एका मुलाने चित्रात औदुंबराच्या बाजूला काठावर चपलांचा जोड काढला होता. का, म्हणून विचारलं तर म्हणाला, ‘पाण्यात पाय सोडायचे तर चपला काढाव्या लागतात ना!’ झाडाला माणूस करणं म्हणजे काय, हे त्या पोराला माझ्याआधी कळलं होतं.

मग शेवटच्या ओळीतला ‘असला औदुंबर’मधला ‘असला’ येतो. ‘असला म्हणजे कसला?’ असं कुणीतरी विचारेलच. गाईडमध्ये ‘असा’ एवढाच अर्थ दिलेला असेल. तो फळ्यावर लिहू नकोस. ‘असला’ आपण कधी म्हणतो, ते त्यांनाच विचार. समोर बोट दाखवताना म्हणतो. मग हे बोट कुणाचं? माणूस नसलेल्या कवितेत एक माणूस निघतो की नाही बघ! तो काठावर उभा राहून बघतो आहे.

आता झाड खुशीत आहे की उदास? जाणत्या समीक्षकांचंही यावर एकमत नाही, तेव्हा सातवीत व्हायची काहीच गरज नाही. पण सगळीच उत्तरं बरोबर, असंही म्हणू नकोस. तो मुलांचा अपमान आहे. ‘कुठल्या शब्दावरून?’ एवढंच विचारत राहा. काळिमेला कवीने ‘गोड’ म्हटलंय, म्हणून झाड सुखात आहे, असं कुणी म्हणालं तर त्याचं बोट शब्दावर आहे. डोहात मगर आहे म्हणून झाड घाबरलंय, असं कुणी म्हणालं तर मगर दाखव म्हणावं.

कवीबद्दल मात्र शेवटीच सांग, आणि हे मी पस्तावून सांगते आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी सुरुवातच तिथून केली. त्र्यंबक बापूजी ठोंबरे, ५ मे १९१८ रोजी भादली स्टेशनजवळ आगगाडीखाली मृत्यू, वय अवघं सत्तावीस. झालं! पुढचा सगळा तास मुलांना डोहात मरणच दिसत राहिलं. मी त्यांच्या हातून कविता काढून घेतली होती. अजून सलतं ते.

त्याऐवजी हे सांग, की १८९० साली धरणगावात जन्मलेल्या या मुलाला १९०७ मध्ये जळगावच्या कविसंमेलनात कर्नल कीर्तिकरांनी ‘बालकवी’ म्हटलं, तेव्हा तो जेमतेम सोळा-सतरा वर्षांचा होता. म्हणजे तुमच्याहून चार-पाच वर्षांनीच मोठा. मुलं एकमेकांकडे बघतात तेव्हा. शिवाय कीर्तिकर स्वतः वनस्पतींचे मोठे जाणकार, हे विज्ञानाच्या बाईंनाही सांग, आवडेल त्यांना.

कृतिपत्रिकेची काळजी करू नकोस. ज्याने चित्र काढलंय, त्याला स्वमताच्या चार ओळी सुचतात. शब्दार्थ दुसऱ्या दिवशी झाले तरी चालतील.

मात्र एक काम आधी कर. तुझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांनी औदुंबर, म्हणजे आपला उंबर, ओळखून पाहिलेला नसेल. शाळेच्या आसपास एखादं दत्ताचं देऊळ असेल तर तिथे सापडेल. खोडालाच लगडलेली फळं दाखव, एखादं फोडून दाखव. फूल कुठंय म्हणून विचारतील, तेव्हा फुलं फळाच्या आतच असतात, हे डोळ्यांनी बघू देत. जवळ ओढा असला तर फारच छान. पाऊस उघडला की लगेच ने, आणि उंबर सापडला का, तेवढं मला कळव. मुलांची चित्रंही ठेव; दिवाळीत येईन तेव्हा बघायची आहेत.

तुझी,
ताई