दडायची जागा

खारं पाणी म्हटलं की वऱ्हाडातल्या माणसाच्या कपाळावर आठी पडते. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अकोला, अमरावती, बुलडाणा जिल्ह्यांत पसरलेला. तिथल्या विहिरींचं पाणी ना धड पिण्याचं, ना ओलिताचं. १९९८ साली वाशीम जिल्हा झाला, तोवर आमचं मंगरूळपीरही अकोल्यातच होतं. गोड्या विहिरीचं मोल इथं कुणाला समजावून सांगावं लागत नाही. अशा मुलखात, समुद्र साडेचारशेहून अधिक किलोमीटर दूर असताना, मी गोडं पाणी मुद्दाम खारं करतो. आरओतून गाळलेल्या दर लिटराला साधारण ३५ ग्रॅम मीठ. तेही स्वयंपाकघरातलं चालत नाही. समुद्राच्या क्षारांत मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, सल्फेट असं बरंच काही असतं, आणि ते त्याच प्रमाणात लागतं. हा सगळा खटाटोप बोटाएवढ्या एका पिवळ्या माशासाठी.

बाजारात त्याला कॅनरी रॅस म्हणतात, शास्त्रात हॅलिकोअरिस क्रायसस. इंडोनेशियापासून पश्चिम प्रशांत महासागरापर्यंत प्रवाळखडकांच्या कडेला, जिथं वाळू पसरलेली असते, तिथं त्याची वस्ती. पिवळाधमक रंग, पाठीच्या परावर काळे ठिपके. छातीच्या परांनी वल्हवत तो दिवसभर हिंडतो, कपारीत डोकावतो, बारीकसारीक किडे टिपतो, मध्येच काचेशी थबकून एका डोळ्यानं माझ्याकडे बघतो.

दिवे मावळायच्या सुमारास मात्र तो वाळूत डोकं खुपसतो, अंगाला एक हिसका देतो आणि दिसेनासा होतो. वाळू पुन्हा सपाट. ‘निजली काय रे मासोयी?’ आई विचारते. मी ‘हो’ म्हणतो, आणि आम्ही दोघं रिकाम्या पाण्याकडे बघत बसतो.

नवा आणलेला रॅस बहुधा पाण्यात सोडताच वाळू गाठतो आणि काही दिवस वर येत नाही. त्याच्या मुलखात सूर्य आपल्याआधी उगवतो, आपल्याआधी मावळतो. इथल्या दिव्यांशी त्याचं अंग जुळायला वेळ लागतो. जिवंत आहे की नाही, या काळजीनं वाळू उकरून बघावीशी वाटते. उकरू नये. धास्तावलेला मासा काचेवर आपटतो, उघड्या टाकीतून बाहेर उडी घेतो. म्हणून वर जाळी हवी, आणि माणसाचा हात आवरलेला हवा.

रॅस पाळायचा तर पहिला हिशेब वाळूचा. निदान दोन-तीन इंच जाडीचा थर, कण बारीक आणि गोलसर; टोकदार खडीत शिरताना त्याचं अंग सोलवटतं. पुष्कळ जण तळ उघडा ठेवतात. घाण साचत नाही, काच लखलखीत दिसते. या माशाला तसा तळ दिला, तर त्याची रात्रच काढून घेतल्यासारखं होतं.

टाकी आपण बघण्यासाठी मांडतो, दिवेही बघण्यासाठी लावतो. पण जीव पाळणं खरं सुरू होतं ते त्या थरात, जिथं माझी नजर पोचत नाही. बाकीच्या पाण्यात आम्ही दोघं असतो. ती वाळू एकट्या त्याची. वैशाखात इथला पारा ४२ अंशांच्या वर जातो, तेव्हा पाणी २५-२६ अंशांवर राखायला चिलर अखंड चालतो. पाणी उडून जातं, मीठ मागं राहतं, म्हणून घट भरून काढायची ती गोड्या पाण्यानं. रात्री वीज गेली की पाण्यातला प्राणवायू उतरू लागतो. इन्व्हर्टरवर पंखा नसला तरी चालेल, पंप हवाच. हे सारं दिसणाऱ्या माशासाठी करणं सोपं आहे. न दिसणाऱ्यासाठीही ते तितक्याच नेमानं करावं लागतं, आणि माया मला तिथंच खरी वाटते.

बाजारात येणारे बहुतेक रॅस समुद्रातून पकडलेले असतात. माझाही त्यांतलाच असणार. त्याचा प्रवाळखडक, त्याची भरती-ओहोटी, त्याच्या जातीचा थवा, यातलं काहीच मी त्याला परत देऊ शकत नाही. नजरेआड होण्याची मोकळीक तेवढी देऊ शकतो, आणि ती त्याच्या हक्काची आहे. संध्याकाळपासून सकाळपर्यंतची रिकामी टाकी ज्याला साहवत नाही, त्यानं हा मासा घरी आणू नये.