कोनफळाच्या बेटावर



न्यू कॅलेडोनियाला जाऊन आले त्याला आता काही वर्षं झाली, तरी विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "तिथे खाल्लंत काय?" समुद्र कसा होता, हे कुणीच विचारत नाही! म्हणून आज खाण्याबद्दलच लिहिते. तसंही माझी खरी कसोटी तिथेच लागली.

माझी लेक सिडनीला असते. तिथून नूमेआला विमानाने जेमतेम तीन तास लागतात. 2019 च्या मार्चमध्ये आम्ही दोघी आणि जावई असे गेलो. बेट पॅसिफिकमधलं, पण 1853 पासून फ्रान्सच्या ताब्यात. त्यामुळे सकाळी लोक काखेत लांबच लांब पाव घेऊन निघालेले दिसतात आणि संध्याकाळची हॉटेलं सातनंतर उघडतात. सूर्य तर सहा-सव्वासहालाच मावळतो. म्हणजे आमचं अंथऊ होऊन सामायिकही आटोपलेलं असायचं, तेव्हा तिथे टेबलं मांडायला सुरुवात! माझ्या दशम्या, खाकरे आणि मेतकूट यांनी लाज राखली.

इथले मूळ रहिवासी म्हणजे कनाक लोक. त्यांच्या बायका आपल्या मॅक्सीसारखे फुलाफुलांचे सैल झगे घालतात. मिशनऱ्यांनी आणलेला तो पोशाख त्यांनी पुरता आपलासा केलाय. त्याच झग्यांत त्या क्रिकेटही खेळतात. हे जावयांना सांगितलं तर त्यांना खरं वाटेना, मग मैदानावर नेऊन दाखवलं.

नूमेआच्या बंदराजवळ निळ्या छपरांचा बाजार आहे. तिथे मातीने माखलेली, हाताएवढी लांब कोनफळं रचून ठेवलेली होती. नुकताच हंगाम सुरू झाला होता. मी सवयीने पपई आणि केळ्यांकडे वळले. त्या कंदाचा मान किती मोठा, हे दुसऱ्या दिवशी जीं-मारी चिबाऊ केंद्रात गेल्यावर कळलं. कनाकांचे हे नेते 1989 मध्ये मारले गेले. त्यांच्या नावाचं हे केंद्र रेन्झो पियानो यांनी बांधलं आणि 1998 मध्ये ते उघडलं. झोपड्यांच्या आकाराची दहा उंच लाकडी घरं समुद्रवाऱ्यात उभी आहेत. बागेतल्या वाटेवर झाडांमधून कनाकांची जन्मकथा सांगितली आहे. त्यांच्या समजुतीत कोनफळ पुरुष आणि अळू स्त्री. लग्नात कोनफळ द्यायचं, पहिलं पीक आधी वडीलधाऱ्यांना द्यायचं, वर्षाची कामंही त्याच्याच लावणी-काढणीवर ठरवायची. मी मनात म्हटलं, आता काही खरं नाही! कारण तिसऱ्या दिवशी आम्ही लिफू बेटावर एका कनाक घरी जेवायला जाणार होतो.

लिफू म्हणजे समुद्रातून वर आलेलं प्रवाळाचं पठार. एकही नदी नाही. खडकांच्या मधल्या मातीत कोनफळ लावतात. कुणाच्या वस्तीत शिरताना आधी 'कुतूम' करायचा. कापडाचा एक तुकडा आणि त्यावर एखादी नोट किंवा तंबाखू ठेवायची, मग आपण कोण, कुठून आलो, कशासाठी आलो ते सांगायचं. आम्ही तंबाखूऐवजी तांदूळ ठेवले. वस्तूपेक्षा तिथे बोललेल्या शब्दाला मोल.

जेवणात 'बुन्या' होता. कोनफळ, रताळी, कोंबडी हे सगळं नारळाच्या दुधात घालून, केळीच्या पानांत बांधून तापलेल्या दगडांवर शिजवतात. लेक आदल्या रात्री म्हणाली, "आई, पोट बिघडलंय म्हणून सांग." मला ते पटेना. मांसाहार करत नाही एवढं सांगितलं तर कुणालाही कळतं. पण ज्याला ते पूर्वज मानतात, तो कंदही खात नाही हे कसं सांगायचं? आणि जिथे शब्दच भेट म्हणून द्यायचा, तिथे खोटा शब्द कसा द्यायचा?

म्हणून कुतूमच्या वेळी मी मराठीतच बोलले. लेकीने इंग्रजी केलं आणि आमची गाडी चालवणाऱ्या तिथल्याच तरुणाने ते ड्रेहू भाषेत सांगितलं. कंद काढला की रोप मुळासकट जातं, आणि त्या एका कंदात अनंत जीव असतात असं आम्ही मानतो. म्हणून आम्ही तो खात नाही, तुच्छ समजून नव्हे. तीन भाषांतून त्यातलं किती पोचलं असेल, देव जाणे.

घरची म्हातारी बाई बराच वेळ गप्प राहिली. मग मला मागच्या मळ्यात घेऊन गेली. कोनफळ काढताना त्याला जखम होऊ नये म्हणून माती कशी बोटांनी बाजूला करायची, ते तिने करून दाखवलं. काढलेलं कोनफळ तिने तान्ह्या बाळासारखं दोन्ही हातांवर घेतलं. खरं सांगते, आमच्या घरी कंद येतच नाही, त्यामुळे तो इतक्या हळुवारपणे हाताळलेला मी कधी पाहिला नव्हता. म्हणून काही माझा नियम बदलला नाही. तिनेही आग्रह केला नाही. तिने नारळ फोडला, पपई कापली, आणि मी ते दिवस मावळायच्या आत खाल्लं.

या लोकांचं सगळं सुरळीत आहे असं मात्र समजू नका. आज आपल्याच भूमीत ते सुमारे 40 टक्केच उरलेत. 2018 ते 2021 दरम्यान स्वातंत्र्यासाठी तीन वेळा मतदान झालं. तिन्ही वेळा कौल फ्रान्सबरोबर राहण्याचा आला, आणि तिसऱ्या मतदानावर तर बहुतेक कनाकांनी बहिष्कार घातला. मे 2024 मध्ये मतदार यादीच्या वादातून नूमेआ पेटलं, तेव्हा टीव्हीसमोर बसून मला त्या मळ्याची आठवण येत होती.

निघताना त्यांनी उलट कुतूम केला आणि माझ्या हातांवर एक कोनफळ ठेवलं. कुतूमची भेट नाकारता येत नाही. मीही ते दोन्ही हातांनी घेतलं. सिडनीला असला कंद नेता येत नाही, आणि मी तर तो चिरणारही नव्हते. गाडीत बसल्यावर त्या तरुणाला विचारलं, तर तो म्हणाला की लावणीसाठी कोनफळं राखून ठेवतातच, हेही आईकडे ठेवीन. लावणी कधी असते, असं मी विचारलं. म्हणाला, ऑगस्ट-सप्टेंबरात. म्हणजे आपल्या पर्युषणाच्या सुमारास.