भेगेचे वाचन

इंग्लंडच्या पीक डिस्ट्रिक्टमधील स्टॅनेजच्या कड्यावर, म्हणजे ग्रिटस्टोन या खरबरीत वालुकाश्मावर, बोल्ट ठोकायचे नाहीत हा संकेत आरोहक कसोशीने पाळतात. त्यामुळे दोर घेऊन सर्वांत पुढे चढणाऱ्या आघाडीच्या आरोहकाला आपले संरक्षण स्वतःच भेगांत बसवावे लागते, आणि मागून येणारा जोडीदार ते काढून घेतो. नट, म्हणजे निमुळत्या धातूच्या पाचरी, आणि स्प्रिंगच्या जोरावर भेगेत फाकून बसणारे कॅम ही त्यातील मुख्य साधने. रे जार्डाइन यांचे ‘फ्रेंड्स’ हे कॅम १९७८ मध्ये बाजारात आले.

नवशिक्याची खरी कसोटी बाहुबळात नसून भेगेच्या वाचनात असते, कारण खाली अरुंद होत जाणारी भेग नट घट्ट धरते, तर खाली रुंदावणारी त्याला सोडून देते. शेवटचे साधन कमरेखाली ३ मीटरवर असेल, तर पडणारा किमान ६ मीटर खाली येतो, आणि दोराची ढील व ताण धरता त्याहूनही अधिक. म्हणूनच जमिनीवर उभे राहून साधने बसवण्याचा सराव आणि अनुभवी आरोहकाच्या मागे चढत त्याची साधने काढण्याची उमेदवारी, ही कितीही संथ वाटली तरी, अपरिहार्य ठरते. सह्याद्रीच्या बेसॉल्टमध्ये, जिथे खडक अनेकदा ठिसूळ असतो, नवोदितांनी ती अधिक काळ करावी.