नाव एकीकडे, मालक भायखळ्याला

सध्या दर रविवारी मी आणि आक्का (माझी थोरली बहीण, वय ८३) मुंबईत जमेल तेवढं पायी फिरतो. फोर्ट तिच्या विशेष आवडीचा, कारण लग्नाआधी तिची नोकरी तिथेच होती. हल्ली सकाळी काय खाल्लं ते तिला दुपारी आठवत नाही, त्यामुळे घरात जो तो तिला दिवसभर दुरुस्त करत असतो.

मागच्या महिन्यात आम्ही हुतात्मा चौकातून चालत काळ्या घोड्यापाशी आलो. आक्का घोड्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "ह्याच्यावर साहेब बसलेला असायचा गं! कुठे गेला?" फोटो काढणारा एक मुलगा हसून म्हणाला, "आजी, हा पहिल्यापासून असाच आहे."

नाही हो! आक्काचंच बरोबर होतं. तिथला मूळ पुतळा प्रिन्स ऑफ वेल्सचा, म्हणजे पुढच्या सातव्या एडवर्डचा. अल्बर्ट ससून यांनी दिलेला, १८७९ सालचा. १९६५ मध्ये तो तिथून हलवला. मग बावन्न वर्षं तिथे घोडा नव्हताच, तरी सगळे आपले 'काळा घोडा'च म्हणत राहिले. आत्ताचा हा बिनस्वाराचा घोडा २०१७ चा, श्रीहरी भोसले यांनी घडवलेला. पाठ मोकळी ठेवली हे मला आवडलं. लोकांनी नाव घोड्याचं जपलं होतं, राजपुत्राचं नव्हे.

आक्काला मात्र 'तिचा' घोडा बघायचा होता. म्हणून पुढच्या रविवारी राणीची बाग. (वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान म्हणायला हवं, शाळेत मुलांना मी तेच लिहायला लावायची. पण जिभेला कोण शिकवणार?) पेंग्विन बघायला ही गर्दी! राजपुत्र घोड्यावर ताठ बसलेला, आणि त्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नव्हतं. आक्का म्हणाली, "हाच!" त्या दिवशी तिला कुणी दुरुस्त करू शकलं नसतं.

संग्रहालयाजवळ एक दगडी हत्ती आहे, तोही जरूर बघा. हा मूळचा घारापुरीचा. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा नाव दिलं. १८६४ मध्ये इंग्रजांनी त्याला विलायतेला न्यायचा घाट घातला, पण उचलताना तो पडला आणि त्याचे तुकडे झाले. ते तुकडे भायखळ्याला आणून १९१४ मध्ये पुन्हा जुळवले. म्हणजे काळा घोडा हे नाव फोर्टात, एलिफंटा हे नाव समुद्रात, आणि नाव देणारे दोघेही एकाच बागेत! इतकी वर्षं मुंबईत राहून हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

याच्या उलट गंमत फ्लोरा फाउंटनची. ते कारंजं मूळ या बागेसाठी करायचं ठरलं होतं, आणि उभं राहिलं फोर्टात. तिथेच २१ नोव्हेंबर १९५५ ला संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चावर गोळीबार झाला, आणि पुढे त्या जागेला हुतात्मा चौक नाव मिळालं. २०१९ पासून कारंजं नव्यानं दुरुस्त होऊन उभं आहे, शेजारी मशाल धरलेले शेतकरी आणि कामगार. इथे मात्र मी कटाक्षानं हुतात्मा चौकच म्हणते. टॅक्सीवाल्याला कळलं नाही तर समजावून सांगते. काही नावं आपोआप टिकतात, काही आपण टिकवावी लागतात.

असो. बुधवारी राणीची बाग बंद असते, हे लक्षात ठेवा. आता आक्काला घारापुरीला जायचंय, हत्ती होता ती जागा बघायला. धक्क्यापासून लेण्यांपर्यंतच्या पायऱ्या आमच्या गुडघ्यांना झेपतील का, कुणी अलीकडे जाऊन आलं असेल तर कळवा.